खापर माझ्याच माथी

आमच्या भागात जमिनीचे दोन रंग. काळी शेताची, पांढरी गावाची. माणसं पिढ्यान्‌पिढ्या जिथं राहिली, चुली पेटवल्या, शेणानं सारवलं, भिंती पडल्या आणि पुन्हा उभारल्या, तिथली माती राखेनं पांढरट होत जाते. घोड नदीच्या काठाला अशी पांढरीची टेकाडं आहेत आणि लहानपणी तिथं आमचा एकच उद्योग असायचा, लगोरीसाठी खापऱ्या वेचायचा. लाल, पातळ, नखानं वाजवली तर टणटणणारी आणि अंगावर काळ्या रेघा असलेली खापरी मिळाली की ती लगोरीत सगळ्यात वर. त्या रेघा तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ओढल्या होत्या हे मला फार उशिरा कळलं. तोवर कित्येकींचा आम्ही चेंडूनं भुगा केला होता.

वडिलांना मात्र ठाऊक होतं. डेक्कन कॉलेजनं इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं, त्यात दोन हंगाम त्यांनी पाट्या वाहिल्या होत्या. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या उत्खनन करणाऱ्यांची नावं ते गावच्या पुढाऱ्यांची घ्यावीत तशी घेत. घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली दोन मडकी आणि आत तान्ह्या पोराची हाडं, हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. तिथले तेव्हाचे लोक सातू पिकवायचे, नदीचं पाणी पाटानं आणायचे, असंही सांगायचे. मी एकदा विचारलं होतं, "पण दादा, ते जेवायचे काय?" वडील म्हणाले, "ते मडक्याला इचार."

चाळीस वर्षांनी मी खरंच मडक्याला विचारायला गेले. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत पुण्यातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत पंधरा दिवसांचं शिबिर होतं, जुन्या मातीच्या भांड्यांत मुरलेल्या अन्नाचा माग कसा काढतात त्याचं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "खापरं बघाया पुण्याला? परड्यात कमी हायेत व्हय गं?"

शिबिरात आम्ही सहा जण. मी सोडून सगळी पुरातत्त्वाची पोरंपोरी. शिकवणाऱ्या मॅडम माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, मला 'ताई' म्हणायच्या. मला वाटत होतं, भांड्याच्या आतून थोडं खरवडायचं, यंत्रात घालायचं की पडद्यावर उतरेल: गहू इतका, मसूर इतकी, मीठ चवीपुरतं.

पहिल्याच तासाला माझ्या हातात खापर आलं आणि मी सवयीनं ते नळाखाली धरलं. शेजारच्या मुलीनं माझं मनगटच पकडलं. "काकू, धुवायचं नाही!" उत्खननात खापरं धुतात, वाळवतात, त्यांच्यावर क्रमांक घालतात, हे मी वडिलांकडून ऐकलं होतं. पण ज्या खापरांतलं अन्न शोधायचं, त्यांना साबण नको, ब्रश नको, उघडा हात नको. प्लास्टिकची पिशवीही नको, कारण प्लास्टिक मऊ राहावं म्हणून घातलेली रसायनं खापरात उतरतात आणि पुढं आलेखात दात विचकतात.

दुसरी चूक लगेच झाली. मॅडमनी एका फुटक्या मडक्याचे तुकडे टेबलावर मांडले आणि म्हणाल्या, "यातला कोणता घ्याल?" मी बुडाचा उचलला. रस्सा खाली बसतो, गाळ खाली बसतो, तर माल बुडातच असणार. मॅडम हसल्या. "ताई, रस्सा उकळताना तर्री कुठं असते?" वर. अर्थात वर. चरबी पाण्यावर तरंगते आणि उकळीबरोबर काठाजवळच्या भिंतीत शिरते. म्हणून उकळायच्या भांड्यात सगळ्यात जास्त माल काठाखालच्या पट्ट्यात सापडतो. तीस वर्षं मटणाचा रस्सा करणाऱ्या बाईला हे कळू नये याची मला लाज वाटली. गंमत अशी की काठाचेच तुकडे पुरातत्त्ववाल्यांना जिवापाड प्यारे असतात. काठावरून भांड्याचा आकार, आकारावरून काळ ठरतो. आणि इथं तर तो तुकडा खलात कुटायचा असतो. त्या पोरांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की हे भांडण जुनं आहे.

मातीच्या भांड्याला झिलई नसते, भिंत सच्छिद्र असते. पहिल्या काही स्वयंपाकांत ती तेल, तूप, चरबी पिऊन घेते. आपण नवं मडकं तांदळाच्या पेजेनं मुरवतो ते यासाठीच, की छिद्रं भरावीत आणि पाझरू नये. मुरणं हा शब्द आमच्या मॅडम इतक्या वेळा वापरत की तो या शास्त्राची संज्ञाच वाटायला लागला. लोणचं मुरतं, पाणी मुरतं, तशी चरबी खापरात मुरते. ती पाण्यात विरघळत नाही म्हणून जमिनीतल्या ओलीनं सहजासहजी धुऊन जात नाही. छिद्रांच्या आत जंतूंचाही हात नीट पोचत नाही. कधी भांड्याच्या आतून करपलेला थर राहतो, म्हणजे आपली खरवडच. तीही तपासतात. पण भिंतीत मुरलेलं अधिक भरवशाचं, कारण त्यावर जमिनीतल्या घाणीचा संसर्ग कमी.

आम्हाला शिकायला जुनी खापरं मिळाली नाहीत, आणि तेच बरं झालं. आधीच्या तुकडीनं कुंभारवाड्यातून पाच नवी मडकी आणून त्यांत वीस-वीस वेळा काहीतरी शिजवलं होतं. मग ती फोडून क, ख, ग, घ, ङ अशी अक्षरं दिली होती. कशात काय शिजलं ते एका बंद पाकिटात. आम्ही शोधायचं.

माझ्या वाट्याला आलेल्या 'क'च्या तुकड्याचा वरचा पापुद्रा मी छोट्या ड्रिलनं घासून काढला, दोन ग्रॅम तोडलं आणि खलात घातलं. पहिल्या ठोक्याला जो आवाज झाला तो लगोरीचाच होता. मग भुकटी, वजन, त्यात मोजून घातलेला चौतीस कार्बनचा एक मेणचट पदार्थ. तो का? शेवटी किती चरबी निघाली हे मोजायला हिशेबात एक ओळखीचा पाहुणा लागतो, म्हणून. मग क्लोरोफॉर्म-मिथेनॉल, स्वनातीत लहरींच्या कुंडात थरथराट, गाळणं, नायट्रोजनच्या झोतात वाळवणं. तीन दिवसांनी बाटलीच्या तळाशी जे उरलं ते डोळ्यांना दिसतही नव्हतं. खापराच्या एका ग्रॅममध्ये पाच मायक्रोग्रॅमच्या आत चरबी निघाली तर ते बोलणं ऐकायचंच नाही, असा नियम. मला आठवलं, बारावीला मी मुलांना 'मायक्रो' म्हणजे दशलक्षांश असं दरवर्षी सांगते आणि तो कधी पाहिलेला नाही.

वायुवर्णलेखनाचं, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफीचं, यंत्र माझ्या माहितीतलं होतं, पण पुस्तकातलं. खऱ्या यंत्रातून निघालेला आलेख पाहिला तेव्हा घाटरस्त्यासारखी शिखरं दिसली आणि डोकं गरगरलं. सोळा कार्बनचं पामिटिक आम्ल, अठराचं स्टिअरिक. 'क'मध्ये तीच. 'ख'मध्ये तीच. 'ङ'मध्येही तीच, जरा कमी-जास्त. ताज्या दुधात चार-सहा कार्बनची छोटी आम्लं असतात, तीच त्याचा वास. पण ती पाण्यात विरघळतात, उडून जातात. हजारो वर्षांनी उरतात ही दोनच ठोंबी आम्लं, गाईची, बकऱ्याची, डुकराची, दुधाची, सगळ्यांची एकसारखी. मी मॅडमना म्हटलं, "ही तर गर्दीत हरवलेली जुळी भावंडं."

'ग' जवळजवळ सपाट होता. मी ठाम लिहिलं: रिकामं मडकं, फक्त पाणी.

आणि 'घ'! 'घ'मध्ये बारा कार्बनचं लॉरिक आम्ल उठून दिसत होतं. लॉरिक म्हणजे खोबरेल; त्यातल्या मेदाम्लांपैकी जवळजवळ निम्मं तेच असतं. हे मला शिकवायला कुणाची गरज नव्हती. मी उत्साहानं अहवाल लिहिला: नारळाचा वापर करणारं कुटुंब, किनारपट्टीशी संबंध, मटणाची खूण नाही, बहुधा ओल्या खोबऱ्याचं कालवण. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी पुढं 'व्यापार?' असं प्रश्नचिन्हासकट लिहिलं.

मॅडमनी अहवाल सगळ्यांसमोर वाचला. मग आलेखाच्या उजव्या टोकाचं एक बारकं शिखर पेन्सिलीनं दाखवलं. "हे स्क्वालीन. माणसाच्या कातडीच्या तेलात असतं. ताई, तुम्ही डोक्याला कोणतं तेल लावता?"

मी वेणीवरून हात फिरवला. हातमोज्यानंच. अगदी तसाच जसा चार दिवसांपूर्वी 'घ'चा तुकडा उचलण्याआधी फिरवला असणार. हातमोजे घातले की हात स्वच्छ, एवढंच मला माहीत होतं. हातमोज्यालाही केस लागतात हे नव्हतं. पाकीट उघडलं. 'घ' होतं रिकामं मडकं, फक्त पाणी उकळलेलं. व्यापार मी माझ्या डोक्याशी केला होता. खापर फुटलं ते माझ्याच माथी, आणि पुराव्यासकट.

पण खरा धक्का 'ग'नं दिला. जे मी रिकामं ठरवलं होतं, त्यात वीस वेळा सातूची पेज शिजली होती.

मला ते पटेना. वीस वेळा! इनामगावच्या माणसांचं मुख्य पीक सातू. वडिलांनी जळके दाणे स्वतः पाटीत पाहिले होते. आणि मडकं त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही? मॅडम म्हणाल्या, धान्यात चरबी फार थोडी असते आणि आपण चरबीचीच भाषा ऐकतो आहोत. मडकं ज्यानं त्याला तुपात न्हाऊ घातलं त्याचीच कथा सांगतं. रोज पोट भरणाऱ्या पेजेबद्दल मुकं राहतं. म्हणून या पद्धतीनं शोधलं की सगळे प्राचीन शेतकरी दूध-मांसावरच जगले असं वाटू लागतं. धान्यासाठी दुसऱ्या वाटा आहेत. जळके दाणे आहेत, दात आहेत, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे पिष्टकण आहेत. हरियाणात फरमाना इथं हडप्पा काळातल्या भांड्यांवर आणि माणसांच्या दातांवर आलं, हळद आणि वांगं यांचे पिष्टकण सापडले. अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांनी ते २०१० मध्ये मांडलं. वांग्याची भाजी चार हजार वर्षांहून जुनी, हे ऐकून मला त्या रात्री घरी फोन केल्याशिवाय राहवलं नाही. आई म्हणाली, "मग? काय नवल केलं."

राहिली ती जुळी भावंडं. ती वेगळी कशी करायची हे मला तीन वेळा समजावून घ्यावं लागलं, आणि तिसऱ्या वेळी मॅडमनी म्हशीचं चित्र काढलं. म्हशीची कास पामिटिक आम्ल स्वतः तयार करते, पण स्टिअरिक तिला तयार करता येत नाही. ते तिला रक्तातून घ्यावं लागतं, आणि रक्तात ते येतं रवंथाच्या पोटातून, चाऱ्यातल्या मेदापासून. दोन आम्लं दोन वेगळ्या वाटांनी दुधात येतात, म्हणून दोहोंतल्या जड कार्बनचं, म्हणजे कार्बन-१३चं, प्रमाण वेगळं असतं. मांसाच्या चरबीत हा फरक कमी. हा फरक मोजायचा. तो दर हजारी वजा ३.१ च्या खाली गेला की दूध, त्याच्या वर, साधारण वजा एकपर्यंत, रवंथ करणाऱ्या जनावराची चरबी, आणि त्याहून वर डुकरासारखं रवंथ न करणारं. ब्रिस्टल विद्यापीठातल्या रिचर्ड एव्हरशेड यांच्या गटानं १९९८ मध्ये ही वाट दाखवली. उसाचं वाढं खाणारी म्हैस आणि डोंगरात चरणारी म्हैस यांच्या कार्बनचे मूळ आकडे खूप वेगळे पडतात; पण दोन आम्लांतली वजाबाकी घेतली की चाऱ्याचा तो गोंधळ बराचसा निघून जातो. वजाबाकीवर माझा विश्वास असा बसला नव्हता कधी.

आमच्या मडक्यांचे हे आकडे मॅडमनी आधीच बाहेरून मोजून आणले होते. 'क' दूध निघालं, 'ख' मटण. 'ङ' मात्र दोन्हींच्या मधोमध, मटणाच्या पट्ट्यात. त्यात दहा वेळा दूध आणि दहा वेळा मटण शिजलं होतं. म्हणजे सरासरीनं दूध लपवलं. एका भांड्यात आधी काय आणि नंतर काय, एकत्र की वेगळं, हे मडकं सांगत नाही. सगळे दिवस एकमेकांत मुरलेले असतात.

हे डोळ्यांनी पाहिल्यावर मला हरियाणा-उत्तर प्रदेशातल्या एका अभ्यासाची गंमत आणि भीती दोन्ही कळली. अक्षयेता सूर्यनारायण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राखीगढी, फरमाना, आलमगीरपूर अशा शहरी आणि खेड्यातल्या वसाहतींमधली १७२ खापरं तपासली. त्या ठिकाणच्या हाडांत निम्म्याहून जास्त गाई-म्हशींची, डुकराची दोन-तीन टक्केच. आणि भांड्यांतली चरबी बऱ्याच प्रमाणात डुकरासारख्या, रवंथ न करणाऱ्या जनावरांच्या पट्ट्यात. बातम्यांनी काय ते छापलं. पण त्यांनी स्वतःच बजावून ठेवलं आहे की वनस्पतीचं तेल आणि गाई-बकऱ्यांची चरबी एकत्र शिजली तरी आकडा तिथंच जाऊन बसू शकतो. माझं 'ङ' आठवून मी त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली.

याच्या उलट कच्छमधलं कोटडा भडली. हडप्पा काळातली छोटी वस्ती, शेती आणि गुरं दोन्ही असलेली. प्रबोध शिरवळकर आणि यदुबीरसिंह रावत यांनी ती खणली, कल्याण शेखर चक्रवर्ती यांनी तिथली ५९ खापरं तपासली आणि त्यांतल्या काहींत दुधाची स्पष्ट खूण मिळाली. इ.स.पू. २५०० च्या सुमाराची. दक्षिण आशियात दुधावर प्रक्रिया केल्याचा हा सगळ्यात जुना थेट पुरावा म्हणून २०२० मध्ये तो छापला गेला. एवढ्या दुधाचं ते काय करत असतील, असं एका मुलानं विचारलं. मी म्हटलं, "विरजण." सगळे हसले, पण मी गमतीनं म्हटलं नव्हतं.

कारण त्याच दुपारी मॅडमनी पोलंडचं उदाहरण दिलं होतं. तिथल्या कुयाविया भागात सात हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या वस्त्यांवर भोकाभोकांच्या भांड्यांचे तुकडे निघत. पीटर बोगुकी यांनी १९८० च्या दशकात अंदाज केला होता की या चीज गाळायच्या चाळण्या असाव्यात. लोक ऐकून सोडून देत. तीसेक वर्षांनी त्या भोकांच्या खापरांतून दुधाची चरबी निघाली आणि अंदाज खरा ठरला. त्यात भर म्हणजे त्या काळातल्या मोठ्या माणसांना दूध पचतच नव्हतं, हे त्यांच्या हाडांतल्या डीएनएवरून दिसतं. दूध पचवणारं जनुक युरोपात पसरायला पुढं हजारो वर्षं गेली. एव्हरशेड आणि मंडळींनी २०२२ मध्ये ५५४ ठिकाणांवरच्या तेरा हजारांहून अधिक खापरांचा हिशेब मांडला, त्यातही हेच दिसलं: दूध आधी, पचन मागाहून. चीज किंवा दही केलं की दुधातली साखर कमी होते आणि पोट कुरकुरत नाही. आमच्याकडे दूध न सोसणाऱ्याला ताक देतात, त्यासाठी कुणी खापर कुटलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी मॅडमनी विचारलं, "ताई, इनामगावचं एखादं खापर तपासायला मिळालं तर काय विचाराल?" पहिल्या दिवशी मी लगेच म्हटलं असतं, काय जेवायचे ते. आता मी गप्प बसले. चोचीची भांडी आठवली, काळ्या रेघांची. त्यातून काय ओतत असतील? त्यातून काय ओतत नसतील हे तरी कळेल का? आणि ते खापर कोणी, कोणत्या सालात, कोणत्या साबणानं धुतलं असेल? मी म्हटलं, "आधी विचारीन, तुला कोणी हात लावलाय का." मॅडम हसल्या नाहीत. वहीत काहीतरी लिहून घेतलं.

घरी आले तेव्हा आई चुलीवर दुधाणी ठेवून बसली होती. आजीच्या हातची ही दुधाणी. काळीभोर, काठाखाली तुपकट चकाकणारी, गोवऱ्यांच्या मंद धगीवर दुपारभर ठेवलेली. मी पहिल्यांदा तिच्याकडे भांडं म्हणून पाहिलं नाही. काठाखालच्या त्या पट्ट्यावर माझी नजर खिळली. साठ-सत्तर वर्षांचं एकाच घराचं दूध, एकाच कामासाठी, कशातच मिसळलेलं नाही. कुठल्याही प्रयोगशाळेला असा नमुना मिळणार नाही. मी केस घट्ट बांधले, पदराला हात पुसले आणि म्हटलं, "आई, हिच्या काठाचा एवढुसा तुकडा देशील? दोन ग्रॅम."

आईनं दुधाणी दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढली.

"फुटल्यावर ने."